टपावरची सायकल

मधु खानविलकरांनी गाडीच्या टपावर सायकलींचं कॅरिअर बसवून घेतलं, त्या दिवशी सोसायटीतल्या चारदोन जणांनी खाली येऊन ते हाताने हलवून पाहिलं. काही नवीन आलं की डोंबिवलीत ते आधी हलवून पाहतात. कॅरिअर हललं नाही. मग एकाने विचारलं, यावर गादी राहील का, मुलीकडे पोचवायची होती. मधुने सांगितलं, हे फक्त सायकलींसाठी आहे. असं एकाच कामासाठी काही घेणं लोकांना पटलं नाही. सगळे आपापल्या घरी चहाला गेले.

हेमा खानविलकर गॅलरीतून हे बघत होती. तिला सायकल येत नव्हती.

ही गोष्ट मधुला माहीत नव्हती. मुलाला, सुनेला, शेजारपाजाऱ्यांना, कोणालाच माहीत नव्हती. माहेरच्या ज्या माणसांना माहीत असायला हवी त्यांतली बरीचशी आता राहिली नव्हती, आणि राहिली होती ती विसरली होती.

तीस वर्षांपूर्वी कल्याणला, हेमाच्या मामांच्या घरी, मधु तिला बघायला आला होता. पोहे झाले, शिक्षण झालं, मूळ गाव झालं. मधु तेव्हा डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत स्टोअरला होता आणि पहिल्या पाळीला सायकलने जायचा. बोलायला विषय उरला नाही तेव्हा त्याने विचारलं, सायकल येते का. हेमा तोंड उघडणार एवढ्यात दौलतमामा म्हणाले, येते म्हणजे काय, कॉलेजला सायकलवरच तर जाते. हेमा कॉलेजला चालत जायची. कॉलेज मामांच्या गॅलरीतून दिसायचं.

मुलीकडच्या वडीलधाऱ्यांनी अशा वेळी चार गोष्टी वाढवून सांगायच्या असतात, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. भरतकाम, गाणं, पुरणपोळी, यांतलं निम्मं नंतर कोणी मागायला येत नाही. मधुने मात्र तेवढं एकच वाक्य उचललं. पुढे अनिमेषच्या बारशाला, अनिमेषच्या लग्नात, स्वतःच्या रिटायरमेंटच्या जेवणात त्याने ते सांगितलं. मुली पुष्कळ पाहिल्या, एकीलाही सायकल येत नव्हती. हिला येत होती, मी तिथेच ठरवलं. हे सांगताना तो हेमाकडे बघायचा आणि हेमा ताटाकडे बघायची. लोकांना वाटायचं, लाजली.

सायकल न येण्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. तिच्या वयाच्या निम्म्या बायकांना येत नसेल. पण ज्या कारणाने नवऱ्याने आपल्याला पसंत केलं ते कारण मुळात नव्हतंच, हे त्याला आता, संसार होऊन गेल्यावर, कोणत्या तोंडाने सांगायचं, एवढाच काय तो प्रश्न होता. कळलं तर तो घटस्फोट देणार नव्हता. तो ती गोष्ट सांगायचं बंद करणार होता. आणि त्याच्याकडे सांगण्यासारख्या गोष्टी काही फार नव्हत्या.

इतकी वर्षं हे झाकून राहिलं याचं श्रेय तिच्या सासूबाईंचं. लग्नानंतर मधुने लेडीज सायकल घ्यायची म्हणताच त्या म्हणाल्या, खानविलकरांच्या सुना सायकलवर बसत नाहीत. सासूबाईंबद्दल हेमाला मनापासून कृतज्ञता वाटली असा तो एकच प्रसंग. पुढे स्कूटर आली, अनिमेष आला, गाडी आली. मधुच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी हेमा गाडी शिकली, आणि आता शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून कंटेनरच्या नाकासमोरून ती ज्या शांतपणे वळण घेते ते बघून मधु डोळे मिटतो. दोन चाकांवर बसायची वेळ तिच्यावर आली नाही.

ती आणली अनिमेषने. तो घोडबंदर रोडला राहतो, उंच इमारतीत. बाबांची शुगर वाढलेली, डॉक्टर रोज व्यायाम करा म्हणत होते, म्हणून त्याने रिटायरमेंटची भेट म्हणून दोन सायकली पाठवल्या. एक काळी, बाबांची. एक जांभळी, पुढे टोपली असलेली, आईची. तोही त्याच गोष्टीवर वाढलेला.

सायकली आल्या, पण चालवायच्या कुठे. मधु पहिल्या दिवशी काळी सायकल घेऊन स्टेशनच्या दिशेने गेला आणि पंधरा मिनिटांत ती हाताने ढकलत परत आला. रिक्षा उजवीकडून येतात, डावीकडूनही येतात, असं त्याने सांगितलं, आणि पंख्याखाली बसून राहिला. मग त्याला कोणीतरी कल्याण-शीळ रोडवरच्या एका नव्या वसाहतीबद्दल सांगितलं. तिथे इमारती अजून व्हायच्या होत्या पण रस्ते आधीच झाले होते, रुंद, गुळगुळीत, झाडं लावलेले. सुट्टीच्या दिवशी तिथे लोक गाडी शिकायला येतात, लग्नाआधीचे फोटो काढायला येतात, आणि सायकल चालवायला येतात. तिथवर सायकली न्यायच्या तर गाडी हवी. गाडीवर न्यायच्या तर कॅरिअर हवं. अशा रीतीने व्यायामाची तयारी सुरू झाली.

कॅरिअरला दोन लांब पन्हळी होत्या, त्यांत चाकं बसायची. सायकलीची दांडी धरून ठेवायला एक-एक लोखंडी हात होता, आणि चाकांना पट्टे. मधुचा त्या लोखंडी हातांवर विश्वास नव्हता. तो वरून नायलॉनची दोरी आवळायचा, आणि रंग खरवडू नये म्हणून दोरीखाली हेमाच्या जुन्या साड्यांचे तुकडे घालायचा. त्याच्या बाजूने तो, तिच्या बाजूने ती, प्लास्टिकच्या स्टुलावर उभी राहून. तो म्हणायचा ओढ, ती ओढायची. सायकल चढवणं, बांधणं, गाठ सोडणं, उतरवणं, यात हेमा लवकरच तरबेज झाली. मधली तेवढी एक गोष्ट येत नव्हती.

पहिल्याच खेपेला त्यांनी गल्लीतली केबल तोडली. गल्लीत वायरी खाली लोंबतात. नुसती गाडी खालून आरामात जायची, टपावर सायकली आहेत हे मधुच्या हाताला अजून कळलं नव्हतं. जांभळ्या सायकलीच्या हँडलमध्ये वायर अडकली आणि कोपऱ्यापर्यंत गाडीबरोबर आली. रविवार होता, मॅच होती. त्यानंतर प्रत्येक रविवारी गल्लीच्या तोंडापर्यंत हेमा कपडे वाळत घालायची काठी घेऊन गाडीच्या पुढे चालायची आणि एकेक वायर उचलून धरायची. मागून मधु हळूहळू गाडी काढायचा. खालच्या दुकानातली माणसं उठून बघायची. पालखी निघाली, असं कोणीतरी म्हणायचं.

त्या पहिल्या रविवारी वसाहतीतल्या रस्त्यावर पोचल्यावर मधुने दोन्ही सायकली उतरवल्या, टोपलीवरची धूळ रुमालाने पुसली आणि जांभळी सायकल हेमासमोर धरली. हेमाने उजवा गुडघा धरला.

गुडघाच का, हे तिलाही सांगता आलं नसतं. हाताशी आला. कालपासून जरा दुखतोय, ती म्हणाली. मधुचा चेहरा एकदम बदलला. त्याने तिला गाडीत बसवलं, पाणी दिलं आणि दोन्ही सायकली पुन्हा वर चढवायला घेतल्या. तुम्ही तरी एक चक्कर मारून या, असं तिने सांगून पाहिलं. तो म्हणाला, तुला बरं वाटू दे, दोघं मिळून चालवू. एकट्याने काय चालवायची.

इथे तिचा हिशेब चुकला. तिला वाटलं होतं, आपण बाजूला बसू, तो चालवेल, त्याची शुगर उतरेल. पण मधु एकटा चालवेना. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. सायकली वर जायच्या, फिरून यायच्या, खाली यायच्या. काही दिवसांनी खाली यायच्याही बंद झाल्या, कारण उतरवायचं तर पुन्हा बांधायचं. मग त्या टपावरूनच सगळीकडे जायला लागल्या, अनिमेषकडे, लग्नांना, ठाण्याला चष्मा आणायला. अनिमेषच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगला वर आडवी दांडी होती, सायकलींसकट गाडी तिच्याखालून जाईना, म्हणून गाडी बाहेर रस्त्यावर लावायची आणि दोघांपैकी एकाने तिच्यात बसून राहायचं. नाहीतर सायकली राहतील याची खात्री काय. नातवंडाला आजी आणि आजोबा एका वेळी भेटेनासे झाले.

इकडे बिल्डिंगमध्ये खानविलकर नवरा-बायको सायकलवाले म्हणून प्रसिद्ध झाले. वर दोन सायकली असल्यावर लोक आणखी काय समजणार. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला समोरच्या समीक्षाने हेमाला पन्नाशीनंतरचा व्यायाम या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितलं. हेमाने गुडघ्याचं कारण दिलं. व्यायामाने झालं असेल, असं समीक्षा म्हणाली, आणि बायकांत कुजबुज झाली की अतिरेकही बरा नाही.

मधु रोज रात्री जेवणानंतर तिच्या गुडघ्याला तिळाचं तेल चोळायचा. टीव्हीवर बातम्या, मांडीवर तिचा पाय. भाजी तो आणायला लागला, न निवडता आणायचा. बाथरूममध्ये त्याने धरायला दांडी बसवून घेतली. एकदा हेमा चुकून डाव्या पायाने लंगडली. मधुने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी डाव्या पायासाठीही नी-कॅप आणली. एकावर भार आला की दुसरा जातोच, असं त्याने तिला समजावलं. त्या महिन्यात त्याची स्वतःची शुगर आणखी वाढून आली. डॉक्टर त्याच्यावर रागावले. घरी येऊन त्याने रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला आणि तेलाची वाटी गरम करायला ठेवली.

तेव्हा हेमा कल्याणला मामांकडे गेली. निमित्त लाडू द्यायचं होतं. सायकली टपावर होत्या म्हणून मधु खाली गाडीतच बसला. मामींनी त्याचा चहा खाली पाठवला. दौलतमामा आता खूप म्हातारे झालेत, ऐकू कमी येतं, पण डोकं ठीक आहे. हेमाने त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं की त्या दिवशी तुम्ही सायकलचं का सांगितलंत. मामांना काही आठवेना. कोणाची सायकल, त्यांनी विचारलं. हेमाने सगळं पहिल्यापासून सांगितलं. मामांनी ते दुसऱ्या कोणाची तरी गंमत ऐकावी तसं ऐकलं आणि लाडूचा तुकडा मोडत म्हणाले,

"मग येत नाही म्हणून तू का सांगितलं नाहीस? तोंड होतं की तुला."

यावर हेमाकडे उत्तर होतं, पण ते मामांना सांगण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी मधु पोहे खाताना वरचं खोबरं बाजूला सारत होता. तिला वाटलं, आवडत नसेल. सगळे पोहे संपल्यावर त्याने ते खोबरं एकत्र केलं आणि सावकाश, कोणी बघत नाही असं समजून, खाल्लं. मामा सायकलचं बोलले तेव्हा ती हे बघत होती. नाही म्हणायला तिला पुरेसा वेळ होता. तिने तो जाऊ दिला.

गॅलरीतून खाली पाहिलं तर मधु गाडीबाहेर उभा होता, कप टपावर ठेवून मागच्या चाकाची गाठ पुन्हा आवळत होता.

घरी आल्यावर तिने ठरवलं की शिकायचं. सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं. सायकली त्या आठवड्यात पार्किंगमध्ये उतरवलेल्या होत्या, मधु दुपारी झोपतो. तिने जांभळी सायकल खांबाला टेकवली, एक पाय पलीकडे टाकला, खांबाला ढकललं. सायकल आणि ती, दोघी समीक्षाच्या स्कूटरवर गेल्या. स्कूटरमागे समीक्षा स्वतःच होती, डिकीतून दळणाची पिशवी काढत. तिने हेमाला उठवलं, झटकलं, आणि हेमा काही बोलायच्या आत म्हणाली, गुडघ्यानेच दगा दिला ना ताई. मग वर जाऊन तिने मधुला उठवून सांगितलं की असं दुखणं अंगावर काढू नका. आणि ठाण्यात खोपटला एक हाडांचे डॉक्टर आहेत, शनिवारी सकाळी बसतात, तिच्या जाऊबाईंचे दोन्ही गुडघे त्यांनीच केले, हेही सांगितलं.

शनिवारी मधुने सायकली वर बांधल्या. डॉक्टरांनी हो म्हटलं तर तिकडूनच सरळ वसाहतीत जाऊ, असं त्याचं म्हणणं. नाही म्हटलं तर परत आणू, त्यांना फिरायची सवय झालीच आहे.

खोपटला एसटी डेपोच्या मागच्या बाजूला जागा मिळाली. दवाखाना पहिल्या मजल्यावर. मधु सायकलींपाशी थांबला, हेमा एकटीच वर गेली. डॉक्टर तरुण होता. त्याने गुडघा वाकवला, सरळ केला, दाबला, फोटो काढून आणायला लावला, फोटो उजेडात धरला, आणि मग दुसऱ्या गुडघ्याचाही फोटो आहे का असं विचारलं, कारण इतका चांगला गुडघा या वयात त्याने पाहिला नव्हता. काही औषध नको, तो म्हणाला. व्यायाम करा. गुडघ्याला सगळ्यात उत्तम म्हणजे सायकल.

हेमा फी देऊन जिन्यावर आली आणि अर्ध्या वाटेवर थांबली. जिन्याला खिडकी होती, तिच्यातून खालची गाडी दिसत होती. डॉक्टर काय म्हणाले ते फक्त तिला ठाऊक होतं. झीज झालीय, सायकल कायमची बंद, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मग जांभळी सायकल सुनेकडे गेली असती, आणि ती गोष्ट शेवटपर्यंत तशीच राहिली असती. फक्त रोज रात्रीचं तेलही शेवटपर्यंत राहिलं असतं, आणि मधु एकट्याने सायकल चालवणार नव्हताच.

खाली एसटीची वाट बघणारा एक माणूस मधुशी बोलत होता. मधु त्याला पट्टे दाखवत होता, साडीचे तुकडे दाखवत होता. मग त्याने हात उंच करून जांभळ्या सायकलीच्या टोपलीवर ठेवला आणि काहीतरी सांगायला लागला. काय सांगतोय ते खिडकीतून ऐकू येत नव्हतं. हेमाला ऐकायची गरज नव्हती.

ती खाली आली आणि म्हणाली, डॉक्टर म्हणाले गुडघा चांगला आहे, सायकल चालवा.

मधुला इतका आनंद झाला की त्याने त्या एसटीवाल्या माणसाशीही हात मिळवला. मुंब्रा बायपासभर तो बोलत होता. उतारावर गाडीने वेग घेतला की वर चाकांच्या तारांतून वारा शिरायचा आणि बारीक आवाज यायचा. हेमा चालवत होती. शीळफाट्याला तिने नेहमीसारखं वळण घेतलं, मधुने नेहमीसारखे डोळे मिटले.

वसाहतीतल्या रस्त्यावर शनिवार असूनही माणसं होती. एक बाई गाडी रिव्हर्स घ्यायला शिकत होती, तिचा भाऊ का नवरा बाजूला उभा राहून हात हलवत होता. मधुने दोन्ही सायकली उतरवल्या. जांभळीची सीट त्याने जरा खाली केली, घंटी वाजवून पाहिली, आणि सायकल तिच्यासमोर धरली.

"मला सायकल येत नाही," हेमा म्हणाली.

मधु म्हणाला, सवय गेली असेल, दोन मिनिटांत येईल, मी मागून धरतो.

"सवय नव्हतीच. कधीच आली नाही. मामांनी तेव्हा आपलं सांगून टाकलं."

मधुने सायकल धरूनच ठेवली होती. त्याने विचारलं, मग कॉलेजला. चालत जायचे, ती म्हणाली, समोरच होतं. मधु रस्त्याकडे बघत राहिला. पलीकडे ती बाई गाडी फुटपाथवर चढवत होती, भाऊ का नवरा बोनेटवर हात आपटत होता.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नाही म्हटलं असतंत," हेमा म्हणाली. मग गाडीच्या दाराचं हँडल धरून म्हणाली, "आणि मला तुम्ही हवे होतात."

असं काही ते दोघं एकमेकांना म्हणत नसत. म्हणून झाल्यावर तिला वाटलं, हे जरा चांगल्या जागी म्हणायला हवं होतं. मधुने ते ऐकलं की नाही कळलं नाही. तो दुसऱ्याच ठिकाणी पोचला होता.

"आणि गुडघा?"

"गुडघा चांगला आहे."

"पहिल्यापासून?"

तिने मान हलवली.

"रोज तेल लावलं मी," मधु म्हणाला.

मामांचं खोटं त्याने कदाचित गिळलं असतं. ते जुनं होतं, त्यात हेमाचा आवाजही नव्हता. गुडघा मात्र त्याने स्वतः चोळला होता, त्याची उजवी-डावी बाजू त्याला पाठ होती. त्याने जांभळी सायकल उचलली आणि टपावर चढवली. हेमा सवयीने तिच्या बाजूला गेली आणि पट्टा धरला. राहू दे, तो म्हणाला. मग तो एकटाच स्टूल घेऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे करत राहिला. साडीचा तुकडा, दोरी, गाठ. एकट्याने बांधायला बराच वेळ लागतो. हेमा उभी राहून बघत होती. गाठ घट्ट बसल्याचं त्याने दोनदा ओढून पाहिलं, स्टूल डिकीत टाकलं, आणि काळ्या सायकलीवर बसून निघाला.

सुरुवातीला त्याचा तोल जरा गेला. मग सावरला. तो वसाहतीत चक्कर मारेल असं तिला वाटलं होतं. तो सरळ गेटकडे गेला आणि कल्याण-शीळ रोडला डोंबिवलीच्या बाजूला वळला. हेमा गाडीत बसली आणि मागे निघाली.

त्या रस्त्यावर सायकल कोणी चालवत नाही. टँकर, कंटेनर, बस, आणि त्यांच्या फटीतून स्कूटरवाले. मधु कडेने चालला होता, शर्ट पाठीला चिकटलेला. हेमाने दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकते ठेवले आणि त्याच्या मागे तेवढंच अंतर धरलं, म्हणजे जे काय येईल ते आधी गाडीपाशी येईल. मागून हॉर्न वाजत होते. एक टँकरवाला बाजूने जाताना काहीतरी ओरडून गेला. मधुने हाताने तिला पुढे जायची खूण केली. ती गेली नाही. त्याने पुन्हा केली. मग सोडून दिलं. एवढा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरवर क्लच दाबून हेमाचा डावा गुडघा खरोखरच दुखायला लागला. हे सांगायची सोय आता राहिली नव्हती.

एका पुलाच्या सावलीत तो थांबला. त्याला धाप लागली होती. हेमाने गाडी मागे उभी केली, बाटली आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा घेऊन गेली. तो पाणी प्यायला. त्याने बिस्किटांकडे बघितलं. शुगर एकदम उतरेल, खा, ती म्हणाली. त्याने दोन खाल्ली, तिसरं परत दिलं. ते हेमाने खाल्लं. गाडीत बसा आता, असं ती म्हणाली तेव्हा तो सायकलवर चढत होता.

काटई नाक्याला पोलिसाने हात आडवा करून रांग थांबवली होती. मधु एक पाय खाली टेकून उभा होता, त्याच्या मागे हेमाची गाडी, आणि तिच्या बाजूला एक रिक्षा. रिक्षावाला पुढच्या सायकलीकडे बघत होता, मग टपाकडे बघायला लागला. उन्हात थांबलेल्या माणसाला काहीतरी विषय लागतो.

"मावशी, वरची सायकल इकायची हाय का?"

हेमा म्हणाली, नाही.

मग काका एकटे घाम गाळतायत आणि ही वर बसून फिरतेय, असं कसं, त्याने विचारलं. तुमचीच ना ती, टोपलीवाली.

"माझीच," हेमा म्हणाली. "मला येत नाही."

तिचं तिलाच नवल वाटलं, इतकं सहज ते तोंडातून गेलं. रिक्षावाला हसला, वाईट नाही. येत नाय तर घेतली कशाला, असं तो विचारतच होता, तेव्हा पुढे उभा असलेला मधु मागे वळला. वसाहतीतून निघाल्यापासून तो पहिल्यांदाच मागे वळला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता, कपाळावरचा घाम भुवईत उतरला होता. त्याने हेमाकडे पाहिलं नाही. रिक्षावाल्याकडे बघून, आपल्या घरातल्या माणसाबद्दल परक्याने बोलू नये अशा आवाजात, तो म्हणाला,

"शिकतेय ती."

पोलिसाने हात खाली घेतला. मागचे हॉर्न एकदम सुरू झाले आणि मधुने पायडल मारलं.